एकशे सदतीस मीटर

संकेश्वरात, मिरचीच्या गोडाऊनपासून
वजनकाट्यापर्यंत टेप धरून चाललो.
एकशे सदतीस.
केबल शंभरापुढं शब्द धरत नाही,
हे मी बाळगोंडांना आधीच सांगितलं होतं.
ते म्हणाले, ओढून तर बघ की, सदतिसानं काय होतंय.

ओढली.
नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी,
शिंका देत देत आठ तारा ओळीत बसवल्या,
चिमटा दाबला. दिवा लागला.
पण काट्यावरचा आकडा ऑफिसात पोचेपर्यंत
ट्रक हत्तरगीच्या टोलनाक्यावर.
कधी निम्मा आकडा यायचा,
कधी नुसतीच तारीख.
केबल तुटली नव्हती.
बोलणारा बोलत होता,
ऐकणाऱ्याला फक्त कुजबुज येत होती.

मधे कुठंतरी स्विच लावायचा म्हणजे
मधे कुठंतरी करंट पाहिजे,
आणि मधे होती फक्त निंगव्वाची गिरणी.

पट्टा फिरत होता. ती पिठात पांढरी, भुवयांसकट.
डबी हातात घेऊन उलटीपालटी केली.
येष्ट करंट तिंतैति?
म्हटलं, झिरोच्या बल्बाएवढा खातंय.
मग करतंय काय?
म्हटलं, इकडून दमून आलेलं ऐकतंय
आणि तेच, ताज्या आवाजात, तिकडं सांगतंय.

ती पट्टा थांबवून हसली.
गिरणी थांबल्यावर गिरणीत केवढी शांतता असते,
हे मला तेव्हा कळलं.

माझी आई गडहिंग्लजची, म्हणाली,
तिला मराठीशिवाय काही येत नव्हतं.
सासूला कानडीशिवाय.
आई चार दिवस राहायला आली की
मी चुलीपुढं, एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला.
दोघी माझ्याकडं बघूनच भांडायच्या.
तुझी डबी सगळं पुढं धाडते?
जसंच्या तसं?
म्हटलं, एक अक्षर गाळत नाही.

मग कच्ची हाय तुझी डबी, ती म्हणाली.
मी निम्मं गिळत होते.
दोघी मरेपर्यंत एकमेकींना चांगल्या म्हणत होत्या.

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.
मीटरच्या फळीखाली, चाळणीच्या खिळ्याशेजारी
डबी ठोकली.
गोडाऊनकडून एकाहत्तर, काट्याकडं सहासष्ट.
तिच्यापाशी मोजणी शून्यावर येते
आणि इथून परत शंभर मोकळे.
तार जोडल्याबरोबर बाळगोंडांचा फोन:
आला रे, चाळीस किलोसुद्धा आला!

विजेचे पैसे घेईना.
म्हणाली, तम्मा, झिरोच्या बल्बाचं कसलं बिल.
आठवड्यानं गेलो तर डबीला
फुलाफुलाच्या परकराच्या कापडाची टोपी शिवलेली,
पीठ बसू नये म्हणून.
काढायला लावली, तापतंय ते आतनं.
पुढच्या खेपेला टोपीला दोन्ही अंगांना
खिडक्या कापल्या होत्या, काठ दुमडून, टाके घालून.
ती मी राहू दिली.

भिंतीवर मी चिकटवलं होतं:
हे बटण बंद करू नये.
त्याच्याखाली कोळशानं तिनं काही लिहिलेलं.
शाळेत चुकवलेली कानडी अक्षरं
एकेक जोडत, ओठ हलवत वाचली.
ती मागं उभी राहून, मी कुठं अडतो ते बघत होती.

लिहिलं होतं: अमावास्येला बंद.

तेवढा एक दिवस ती गिरणीची पूजा करते,
मेन स्विच खाली ओढते,
नारळ फोडते, एक कवड डबीपुढंही ठेवते.
आणि बाळगोंडा, कुरकुरत,
वजनं कागदावर लिहून घेतात,
चिठ्ठी देऊन पोराला सायकलवर धाडतात.
पोरगं जाता-येता गिरणीशी थांबतंय,
खोबऱ्यासाठी.
एकशे सदतीस मीटरला त्याला
पाऊण तास लागतो.